काठावर कुणी नाही

जानकीपुरमात लाइट गेली की आधी कूलर थांबतात. मग एखाद्या दारातून ‘बत्ती चली गई’ अशी घोषणा होते, जणू बाकीच्यांना कळलंच नसतं. सीतापूर रोड आणि कुर्सी रोड यांच्या मधली ही सगळी वस्ती दोन-चार मिनिटं गप्प होते. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. मी खिडकीतला गोटा उचलतो आणि गच्चीवर जातो.

हे मनन त्या वेळेसाठी आहे. तुमच्याकडे लाइट जात नसेल तर दिवा मालवा. आणि एक गोटा लागेल. महाराष्ट्रात असाल तर तो अंगणातही सापडेल. माझा वाईचा आहे, कृष्णेच्या पात्रातला, लखनौला येताना पिशवीच्या तळाशी आलेला. इकडे तसा मिळत नाही. गंगेच्या मैदानाची ही माती म्हणजे नुसता गाळ. खणलं तर कंकर निघतो, चुनखडीचा, वेडावाकडा. पण नदीनं घासून गोल केलेला दगड नाही. सह्याद्रीतून आलेल्या माणसाला इथं काय चुकतंय ते बरेच दिवस कळत नाही. मग एक दिवस लक्षात येतं की पायाला दगडच लागलेला नाही.

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. गोटा तळहातावर ठेवा, मूठ मिटू नका.

आधी फक्त गारवा. थोड्या वेळानं तो कमी होईल, कारण तुमचा हात त्याला ऊब देतोय. मग वजन. मग अंगठा हळूच फिरवा आणि कोपरा शोधा. सापडणार नाही. हा दगड कधीतरी डोंगराच्या कड्यातून तुटला तेव्हा त्याला धारदार कोपरे होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बसाल्ट. ते कोपरे कुठं गेले? वाईच्या खाली, सांगलीच्या पुढं, वाळू होऊन, कदाचित बंगालच्या उपसागरात. अंगठा तिथंच राहू द्या. जिथं कोपरा नाही, तिथून पाणी गेलंय.

आता एक दुसरा गोटा.

14 जानेवारी 2005. संक्रांतीचा दिवस. इकडे त्याला खिचडी म्हणतात. तिळगूळ असतोच, पण मान उडदाच्या खिचडीचा. त्या दिवशी हायगेन्स नावाचं एक यान पॅराशूटला लटकत जवळजवळ अडीच तास खाली उतरत होतं. शनीचा सर्वांत मोठा चंद्र, टायटन. उतरताना त्यानं डोंगरउतारावरचे ओघळ टिपले, फांद्या फुटलेले, एकमेकांत मिळत जाणारे. खाली टेकल्यावर समोर नारिंगी उजेड होता आणि जमिनीवर गोटे होते. गोल. कोपरे गेलेले.

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ग्रहगोल वगैरे काही आठवलं नाही, वाईचं पात्र आठवलं. पण तो दगड नव्हे. तो पाण्याचा बर्फ. तिथं उणे 179 अंश सेल्सिअस तापमान असतं आणि त्या थंडीत बर्फ खडकासारखाच वागतो. त्याला घासून गोल करणारा द्रव म्हणजे मिथेन. आपल्याकडे गोबरगॅसमध्ये असतो तो; तिथं त्याचे ढग होतात, पाऊस पडतो, नद्या वाहतात. पृथ्वी सोडली तर ज्याच्या पृष्ठभागावर आजही नद्या आणि सरोवरं आहेत असा आपल्या माहितीतला हा एकच गोल.

तुमच्या हातातला गोटा अर्धा किलोचा असेल तर तिथं तो सत्तर ग्रॅमचा वाटेल. हात थोडा सैल सोडा.

नदी निवडायची आहे. उत्तरेला विद नावाची आहे, चारशे किलोमीटरहून लांब. तिच्या काही घळया पाचशे सत्तर मीटरपर्यंत खोल आहेत. भव्य आहे, पण मला दक्षिणेकडची एक जवळची वाटते. तिचं नाव सरस्वती. थट्टा नव्हे. टायटनवरच्या नद्यांना पुराणांतल्या आणि काल्पनिक नद्यांची नावं द्यायची असा खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे, आणि त्या यादीतून एका प्रवाहाला हे नाव मिळालं. (सरस्वतीला काल्पनिक म्हटलं हे प्रयागच्या पंड्यांना कुणी सांगू नये.) इथून दोनशे किलोमीटरवर प्रयागला लोक दोन नद्या पाहतात आणि तिसरीला न पाहता हात जोडतात. आणि ती न दिसणारी, शनीपाशी, कॅसिनी यानाच्या रडारला दिसली. ऑन्टारिओ नावाच्या उथळ सरोवराला मिळते. मिळताना तिनं त्रिभुज प्रदेश केलाय, जो टायटनवर फार क्वचित दिसतो. त्या सरोवरावर रडारचे किरण पडले तेव्हा ते इतकं सपाट निघालं की लाटा तीन मिलिमीटरच्याही आतल्या.

त्या काठावर बसा.

उजेड संधिप्रकाशाइतका. सूर्य दिसत नाही, शनीही दिसत नाही. वर नारिंगी धुकं आहे, थरावर थर. हवा आपल्यापेक्षा चौपटीहून दाट. मिथेनला वास नसतो, म्हणून वास नको.

पाऊस येऊ द्या. टायटनवरचा मोठा थेंब सेंटीमीटरभर असतो, आपल्या टपोऱ्या थेंबाहून जाड, आणि गुरुत्वाकर्षण कमी, हवा दाट, म्हणून तो सेकंदाला साधारण दीड मीटर या चालीनं उतरतो. या गच्चीच्या उंचीवरून, दहा मीटर धरा, सहा-सात सेकंद. एक संथ श्वास. तेव्हा श्वास घ्या आणि सोडा, आणि तेवढ्यात एकच थेंब खाली येऊ द्या. पुन्हा. घाई वाटली तर मागच्याच थेंबाकडे परत या.

कैसरबागेत भातखंड्यांनी 1926 साली सुरू केलेलं संगीत विद्यालय आहे, आज विद्यापीठ झालंय. आम्हा इथल्या मराठी माणसांना त्याचा उगीचच अभिमान असतो, आमचं त्यात काही कर्तृत्व नसताना. त्याच्या बाहेरच्या रस्त्यावर एकदा उभा होतो. आत कुणीतरी विलंबित ख्याल घेऊन बसलं होतं. दोन मात्रांमध्ये रिक्षा, हॉर्न, पाणीपुरीवाला, सगळं येऊन जायचं, आणि तरी ती पुढची मात्रा आपल्या जागी पडायची. टायटनचा पाऊस म्हटला की मला ती लय ऐकू येते.

ऋतूही तसेच. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एक ऋतू सात वर्षांहून थोडा जास्त. आपल्याकडे साडेसाती म्हणतात तिचा हिशेबही याच फेरीतून निघाला आहे, अडीच वर्षांच्या तीन राशी. सरस्वतीकाठी साडेसाती म्हणजे नुसता उन्हाळा.

आता अवघड भाग. काठावर कोण आहे?

थांबा, उत्तर देऊ नका. फक्त पाहा की मनानं एव्हाना कुणाला आणून बसवलंय. मी बसलो की पहिल्यांदा पायऱ्या येतात, वाईच्या गणपती घाटाच्या. मग गोमतीचा कुडिया घाट, नाव, म्हशी, बगळे, पाण्यात फेकलेली झेंडूची माळ. मग एखादा विचित्र प्राणी, सहा पायांचा, मोठ्या डोळ्यांचा. सिनेमातले परग्रहवासी मला कधी पटले नाहीत. त्यांचे डोळे इतके आपल्यासारखे असतात की उद्या टेढी पुलियाच्या चौकात सोडले तर बिनधास्त रस्ता ओलांडतील.

एकेक उचला. पायऱ्या उचला. म्हशी जाऊ द्या. बगळे उडू देऊ नका, फक्त नसू देत. हिरवा रंग काढून टाका. शेवाळ काढा, ते सर्वांत चिवट. जे उचलाल ते थोड्या वेळानं परत येईल, पुन्हा उचला. मला अजून एकदाही तो काठ पूर्ण रिकामा करता आलेला नाही.

शेवटी एकजण उरतो, तो तुम्ही. पाणी दिसलं की ओंजळ पुढं होते, आचमनाची सवय. तिथं हात घालू नका. मिथेन उणे 161 अंशांना उकळतं. सदतीस अंशांचं तुमचं बोट त्या प्रवाहाला म्हणजे तापलेली सळई. जिथं बोट टेकेल तिथं नदीची वाफ होईल. म्हणून स्वतःलाही थोडं मागं घ्या. काठावरून, मग टेकडीवरून, मग धुक्याच्या वर. नदी वाहते आहे. कुणासाठीच नाही.

इथं जमेल तेवढा वेळ राहा.

मग हवं असेल तर एकाला परत बोलवू. एकालाच, आणि तिथल्याच मालानं घडलेल्याला. त्या नारिंगी धुक्यात सूर्यकिरणांनी मिथेन आणि नायट्रोजन यांची मोडतोड होऊन तपकिरी चिकट द्रव्यं तयार होतात. कार्ल सेगन आणि बनारसचे बिशुन खरे या दोघांनी प्रयोगशाळेत तशी द्रव्यं केली आणि 1979 साली त्यांना थोलिन हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गढूळ. गंगेकाठी जन्मलेला माणूस शनीच्या चंद्रावरच्या गढुळाला नाव देतो याचं मला फार बरं वाटतं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर मांडून पाहिलं की ॲक्रिलोनायट्राइलच्या रेणूंपासून त्या थंडीतही लवचीक राहील असा पापुद्रा होऊ शकतो, पेशीच्या आवरणासारखा. दोन वर्षांनी ते द्रव्य टायटनच्या हवेत सापडलं. इथपर्यंत माहिती आहे. जीव सापडलेला नाही. यापुढची माझी कल्पना.

बर्फाच्या एका गोट्याच्या खालच्या बाजूला एक पापुद्रा आहे. नखाएवढा. त्याला डोळे नाहीत, पाहण्यासारखंही फार काही नाही. वरून जे गढूळ गळतं त्यातलं ॲसिटिलिन आणि हवेतला हायड्रोजन घेऊन तो मिथेन सोडतो. खातो आकाश आणि देतो नदी. इतक्या थंडीत रासायनिक क्रिया रेंगाळत होतात, म्हणून त्याचा एक घास आपल्या एका चातुर्मासाएवढा. त्याला ओघ म्हणजे काय ते ठाऊक आहे, कारण तो एका बाजूनं जास्त झिजतो. गोटा कधी पालथा होतो. तेव्हा तो वरच्या बाजूला येतो, आणि पुन्हा खालच्या बाजूला सरकायला एक साडेसाती घेतो. सरकला की नाही हे पाहायला कुणी नाही, आणि त्याला कुणी पाहावं असंही काही नाही.

त्याच्याकडे पाहू नका. त्याच्या गोट्याकडे पाहा. मग आपल्या.

2034 मध्ये ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान तिथं पोचवायचा बेत आहे, आठ पात्यांचं. ते विषुववृत्ताजवळच्या वाळूच्या टेकड्यांत उतरेल, सरस्वतीपासून फार लांब. मला त्यातही थोडं समाधान आहे.

गोटा आता हाताइतकाच कोमट झाला असेल. कुठं हात संपतो आणि कुठं दगड, अंगठ्यानं शोधून पाहा. डोळे मिटले असतील तर उघडा.

गच्चीवरून गोमती दिसत नाही, ती दक्षिणेला आहे. तिला हिमालयाचं बर्फ मिळत नाही. पिलिभीतकडच्या माधोटांडाच्या तळ्यातून निघते आणि पावसाळा सोडला तर जमिनीखालच्या झऱ्यांवर जगते. पाऊण आयुष्य अंधारातून येणारं पाणी.

लाइट आली. कूलर एकेक करून धडधडायला लागले. शेजारच्या सबमर्सिबलचा खटका चालूच राहिला होता, तो पंपही सुरू झाला. थोड्या वेळात त्यांची टाकी भरून वाहायला लागेल आणि कुणीतरी ‘भाभीजी, टंकी भर गई’ म्हणून ओरडेल. तोवर पाणी भिंतीवरून गल्लीतल्या धुळीत उतरेल. गल्लीला किंचित उतार आहे. धूळ आधी पाण्याला अडवते, मग पाणी एक वाट काढतं, तिला दोन फाटे फुटतात, त्यांना आणखी. मी कठड्यावरून वाकून पाहतोय. अजून कुणी त्यात पाय दिलेला नाही.