तलमीह आणि तळटीप

अकोल्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. मागे आठवीच्या वर्गात 'भगीरथ प्रयत्न करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायला सांगितला होता. एका मुलीने लिहिले, 'भगीरथ नावाच्या शास्त्रज्ञाने खूप प्रयत्न केले.' वर्ग हसला नाही. हसण्यासाठी भगीरथ ठाऊक असावा लागतो, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. मग मी गंगा पृथ्वीवर आणणाऱ्या राजाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तशी तीच मुलगी म्हणाली, "टीचर, ये तो फरहाद जैसा हुआ. उसने भी तो पहाड़ काट के नहर निकाली थी."

मला आनंद झाला, पण तिचे उत्तर अर्धेच बरोबर होते. भगीरथाच्या कष्टांना फळ आले, त्याच्या पूर्वजांचा उद्धार झाला. फरहादला शीरीनच्या मृत्यूची खोटी बातमी सांगून फसवण्यात आले आणि त्याने जीव दिला. दोघांचे कष्ट सारखे, पण एक नाव आशा देते, तर दुसरे चटका लावते.

जुन्या कथेकडे, व्यक्तीकडे किंवा घटनेकडे एका शब्दात बोट दाखवण्याला उर्दूत 'तलमीह' म्हणतात. ज्या अरबी धातूपासून 'लम्हा' हा शब्द आला, त्याच धातूचा हा शब्द. त्याचा मूळ अर्थ ओझरती नजर टाकणे. मराठीत आपण नुसते 'संदर्भ' म्हणून वेळ निभावतो. तलमीह म्हणजे लेखकाने वाचकावर टाकलेला विश्वास असतो. 'गोष्ट तुला ठाऊक आहे, मी फक्त आठवण देतो,' असे त्यात गृहीत धरलेले असते. पण गोष्ट ठाऊक नसलेल्या वाचकाचे काय? आणि तो वाचक आपला शेजारीच असेल तर?

माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगते. मी एका मराठी नियतकालिकाला कथा पाठवली होती. त्यात अमरावतीच्या आमच्या घरात रोज ऐकू येणारे अम्मीचे वाक्य होते, "इत्ते पैसे क्या कारून के खजाने से लाऊं?" वाचकांना कळावे म्हणून मी खाली तळटीप दिली, 'कारून : मुसलमानांचा कुबेर.' कथा छापून आली. अम्मीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "कुबेर को तो लोग पूजते, बेटा. कारून को तो जमीन ने निगला."

अम्मी फार शिकलेली नाही, पण तिचे म्हणणे खरे होते. कुबेर हा देवांचा खजिनदार. कारून हा हजरत मूसा यांच्या कौमचा माणूस. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलताना बलवान माणसांच्या टोळीलाही जड जाई, असे कुरआनात सांगितले आहे. ही संपत्ती मी माझ्या ज्ञानाने मिळवली, असा त्याने गर्व केला आणि तो घरासकट जमिनीत गडप झाला. म्हणजे अम्मीच्या वाक्यात पैसे नसल्याची तक्रार होती आणि पैशाच्या गर्वाविषयी सावधगिरीही होती. माझ्या तळटीपेने तक्रार पोचवली, पण सावधगिरी पुसून टाकली. एका परंपरेच्या नावापुढे दुसऱ्या परंपरेचे नाव 'बरोबर' चिन्ह देऊन मांडले, की दोन्हींवर अन्याय होतो.

दुसरा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. मराठी लेखक कर्ण, एकलव्य, लक्ष्मणरेषा हे शब्द बिनातळटीप लिहितो. आम्ही करबला, हातिमताई, अय्यूबचा सब्र लिहिले, की पानाच्या तळाशी खुलासा द्यावा लागतो. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठीत गझल रुजवली. मतला, काफिया, रदीफ हे शब्द मराठीचे झाले, पण फरहाद आणि खिज्र तेवढ्या सहजपणे आत आले नाहीत. तळटीप वाईट नसते. पण ती कायम एकाच्याच वाट्याला येत असेल, तर त्याची गोष्ट या घरात पाहुणी आहे, असा तिचा अर्थ होतो.

वस्तुतः ती पाहुणी नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदू शेजारीही श्रद्धेने उभे राहत आले आहेत. त्यांना करबला तळटीपेतून समजलेला नाही. तसेच आमचे आहे. सहलीला आम्ही चिखलदऱ्याला जातो. भीमाने कीचकाला मारून फेकले ती दरी तिथेच, असे सांगतात. जवळच बहमनी सुलतानाने बांधलेला गाविलगड आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. इथल्या गावांची आणि दऱ्यांची नावे याच तलमीहा आहेत. त्या ठाऊक नसतील, तर आमची मुले स्वतःच्याच जिल्ह्यात परकी होतील.

एका पालकांनी मला विचारले होते, "ये कहानियां बच्चों के ईमान को नुकसान तो नहीं करतीं?" त्यांची शंका प्रामाणिक होती. मी म्हटले, गोष्ट जाणणे वेगळे आणि तिच्यावर ईमान आणणे वेगळे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. संतांच्या आणि पुराणांच्या शब्दांना ते बिचकले नाहीत.

मात्र तलमीहचा एक वाईट उपयोगही आहे. नाव न घेता घाव घालता येतो. १६५९ सालातल्या अफझलखानाचे नाव काढायचे आणि नजर आजच्या शेजाऱ्यावर रोखायची. जाब विचारला, तर 'मी इतिहास बोललो' म्हणून मोकळे व्हायचे. आपणही यात निर्दोष नाही. मतभेद झाले, की आपल्याच भावाला यजीद म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्याला ती ऐकावीशी वाटावी, हा तलमीहचा खरा उपयोग. ठाऊक नसलेल्याला बाहेर ठेवण्यासाठी किंवा कुणाला खाली पाहायला लावण्यासाठी ती वापरली, तर तो विश्वासाचा भंग होय.

आता मी तळटीप देत नाही. कारून लिहिला, तर त्याला जमिनीने गिळले हे वाक्यातच कुठेतरी येऊ देते. वाचक थोडा अडला तरी चालेल. भगीरथापाशी आम्हीही अडलो होतो, आणि विचारून पुढे गेलो.

त्या मुलीने वाक्य पुन्हा लिहून आणले. तिचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातले. तिथे विहिरींना पाणी आहे, पण ते खारट. तिने लिहिले होते, 'आमच्या गावात गोड पाणी यावे म्हणून कोणीतरी भगीरथ प्रयत्न केले पाहिजेत.'

मी तिला पूर्ण गुण दिले. गोष्ट राजाची होती, पण तहान तिची स्वतःची होती.