उठायचं घड्याळाने, जेवायचं चंद्राने

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली. त्याच पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पुण्याच्या ताईला आधीच सांगून ठेवलं होतं, "सकाळी आठला व्हिडिओ कॉल करतो." तिने नेहमीचा साडेनऊ तासांचा हिशेब धरला, म्हणजे तिच्याकडचे साडेपाच. पण फरक रातोरात साडेदहा तासांचा झालेला. मी अगदी आठच्या ठोक्याला फोन लावला, तेव्हा तिकडे साडेसहा. मधे तिने दोनदा फोन करून पाहिला होता, माझा सायलेंटवर. तबकातल्या निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलेलं, सुपारी कडेला घरंगळलेली, आणि करंज्यांवर कुणीतरी हात मारल्याचं इथूनही दिसत होतं. "वाजले का तुझे आठ?" एवढंच म्हणाली.

आई आमच्याकडेच असते. तिच्या मते हा सगळा खोटेपणा आहे. सूर्य होता तिथेच आहे, काटा माणसांनी हलवला. तिच्या दिवेलागणीला काही फरक पडला नाही. शनिवारी सहाच्या सुमारास देवापुढे दिवा लावला, रविवारी पाचच्या. दोन्ही दिवशी अंधारून येताना. पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, साठ घटकांचा, एक घटका 24 मिनिटांची. त्यात रात्री दोनला काही घडतच नाही. अडतं फक्त बीपीच्या गोळीपाशी. "अरे, गोळीला कुठले आठ धरू?"

मी वाद घालतो. पुण्यात तरी तुझी वेळ सूर्याची कुठे होती? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. पुणे तिथून बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य डोक्यावर यायला वर्षाच्या सरासरीने बारा वाजून 34-35 मिनिटं होतात. 1906 ला ही प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ कित्येक वर्षं सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात तर 1942 ते 1945 हिंदुस्थानातली घड्याळंही तासभर पुढेच होती. उलट एडिसन 75 अंश पश्चिम रेखांशाला जवळजवळ चिकटून. तू नावं ठेवतेस ती इथली हिवाळ्यातली वेळ पुण्याच्या वेळेपेक्षा सूर्याला जास्त धरून आहे.

"मग मार्चमध्ये सोडता कशाला?" आई म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटा पुढे जातो आणि त्यानंतरची पहिली संकष्टी मला दरवर्षी जड जाते. आधी वाटायचं, मनाचे खेळ. चंद्राला काय ठाऊक डेलाइट सेव्हिंग? तो आपल्या वेळी उगवतो, घड्याळात नऊचे दहा दिसतात इतकंच. एकदा नीट हिशेब केला. उठतो मी ऑफिसच्या घड्याळाने, म्हणजे सूर्याच्या हिशेबात तासभर आधी. उपास सोडतो चंद्र पाहून. उपाशीपोटी जागं राहण्याचा एक तास खरोखरच वाढलेला असतो! नुसत्या पंचांगाने जगणाऱ्याला हा तास भोगावा लागत नाही, नुसत्या घड्याळाने जगणाऱ्यालाही नाही. माझ्यासारख्या दोन्हीकडे खातं उघडलेल्यालाच लागतो.

पण घड्याळाची वेळ खोटीच म्हणायची, तर त्या दिवशी ताईसमोर मला ओशाळल्यासारखं का झालं? सूर्याला उशीर झालाच नव्हता. वाट सूर्य पाहत नव्हता, ताई पाहत होती. आठ हा मी तिला दिलेला शब्द होता, आणि त्या तासाभरात तूप जळत होतं. काटा माणसांनी ठरवलेला असला तरी त्याच्या भरवशावर दिलेला शब्द मोडला की दोष लागतो, असं मला वाटतं. आईला हे पटत नाही. दोषबिष काही नाही, म्हणते, तुझं गणित कच्चं.

ताई आता वेळ ठरवताना आधीच बजावते, "तुझ्याकडचे किती ते सांगू नकोस. माझ्याकडचे सांग."