परतण्याचा शब्द



आज पवित्र कुटुंबाचा सण. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील जो भाग आज मिस्सामध्ये आपण ऐकला, त्यात योसेफ झोपेतून उठतो आणि बाळ व त्याची आई यांना घेऊन रातोरात मिसर देशाची वाट धरतो. नाताळच्या आठवड्यात हे वाचन आपल्या धर्मग्रामात जरा निराळेच ऐकू येते. कारण या दिवसांत आपल्या बाकांवर परदेशातून सुटीवर आलेली मंडळी बसलेली असतात आणि त्यांच्या शेजारीच पुढच्या वर्षी जायच्या तयारीत असलेली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गप्पांचा विषय एकच. कोणाचा व्हिसा आला, कोणाचे पॉइंट किती झाले, कोणाची पीआर कुठे अडली.

गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपे आम्हाला भेटायला आले. (त्यांच्या संमतीने लिहीत आहोत. ते कोण असतील याचा अंदाज कृपया बांधू नये. अशी दहा घरे आपल्या धर्मग्रामात सापडतील.) तो कारखान्यात कुशल काम करतो, ती शाळेत कायम नोकरीवर शिक्षिका आहे. चार वर्षांची मुलगी आहे, घरी त्याची आई आहे, वाडीत केळी आणि थोडी फुले आहेत. कॅनडाच्या पीआरसाठी त्याने नाव नोंदवून ठेवले आहे, पण पॉइंट कमी पडतात. आता एका मालकाने दोन वर्षांच्या वर्क परमिटवर बोलावले आहे. पीआर येईपर्यंत थांबावे, की परमिटवर आधी जावे? हा त्यांचा प्रश्न आहे असे आम्हाला वाटले. परंतु तो खाली मान घालून म्हणाला, "फादर, अर्जात असे धरलेले असते की मुदत संपली की मी देश सोडीन. आणि मनात तर कायमचेच राहायचे आहे. मग सही करताना मी खोटे बोलत नाही का?"

खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. लोक आशीर्वाद मागायला येतात, बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येतात, बॅगेवर पवित्र पाणी शिंपडून घेतात. आणि आम्ही तेवढे करून त्यांना पाठवून देतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, असाच एक तरुण परमिटवर निघाला होता. "जा, देव पाठीशी आहे," असे आम्ही म्हणालो आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वाडीचा रस्त्याकडचा तुकडा त्याने विकला आहे हे आम्हाला ठाऊक होते. पण आम्ही काही विचारले नाही. दीड वर्षाच्या आत त्याच्या मालकाचा धंदा बसला, परमिट त्याच मालकाच्या नावाचे, आणि दुसरी सोय होईना. तो परत आला तेव्हा त्याच्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी होती. आज तो टेम्पो चालवतो आणि दिवसातून चार वेळा त्या इमारतीवरून जातो. त्याने आम्हाला कधी दोष दिला नाही. आशीर्वाद देण्यात आमचे चुकले नव्हते, न विचारण्यात चुकले होते.

म्हणून या वेळी आम्ही दोघांना बसवून घेतले आणि कागद पाहिले.

आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर. पुण्याला तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे असत्यावरचे विवेचन आम्हाला अभ्यासाला होते. त्यात ते म्हणतात की, जो वचन देताना ते पाळण्याचा मानस बाळगतो, तो खोटे बोलत नाही. मानस नसेल तर मात्र बोलतो. गंमत अशी की कॅनडाचा २००१ चा इमिग्रेशन कायदाही जवळपास हेच मानतो. कायम राहण्याची इच्छा असलेल्या माणसानेही तात्पुरत्या परवान्यावर यायला त्या कायद्याची हरकत नाही. दोन हेतू एकाच मनात राहू शकतात, हे त्या कायद्यात लिहिलेले आहे. अट एवढीच की मुदत संपली आणि दुसरा परवाना मिळाला नाही, तर हा माणूस निघून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

तेव्हा कायमचे राहण्याची इच्छा हे पाप नाही, लबाडीही नाही. पण दिलेला शब्द खरा असायला हवा, आणि शब्द खरा असायला परतीची वाट खरी असायला हवी. ज्याने वाडी विकली, बायकोने कायम नोकरीचा राजीनामा दिला, डोक्यावर इथल्या पगारातून कधीच न फिटणारे कर्ज घेतले, तो कोणत्या तोंडाने म्हणेल की "नाही जमले तर मी परत जाईन"? त्याची सही खोटी नसेल कदाचित, पण पोकळ आहे. म्हणून "पीआर मिळेल का?" हा प्रश्न दुसरा ठेवावा. "नाही मिळाली तर आम्ही माणसासारखे परत येऊ शकतो का?" हा पहिला.

या बाबतीत आपली मागची पिढी अधिक शहाणी होती असे आम्हाला वाटते. आपले कितीतरी बाप-काके आखातात गेले. तिथे कायमचे राहणे नव्हतेच, म्हणून कोणी वाडी विकून गेला नाही. उलट तिथल्या पैशातून इथे घर उभे राहिले. आज पीआर या दोन अक्षरांनी आपला हिशेब बदलला आहे. परमिट हातात पडले की आपण पीआर मिळाल्यासारखेच वागू लागतो.

आता त्या कागदांविषयी. आम्ही वकील नाही, पण जे वाचता येते ते वाचले. ज्या कन्सल्टंटने हे काम आणले, तो त्यांना सांगत होता की नोकरीचे पत्र असले की पॉइंट वाढतात. एकेकाळी वाढत असत, कामाच्या दर्जाप्रमाणे ५० किंवा २००. पण २५ मार्च २०२५ पासून ते पॉइंट देणे बंद झाले आहे. मग आधी जाऊन फायदा काय? फायदा आहे. तिथे केलेले एक वर्षाचे कुशल काम पुढे अर्जात मोजले जाते. पण "कुशल" हा शब्द तिथल्या सरकारने ठरवलेल्या वर्गाप्रमाणे. इथला कुशल कारागीर तिथे जाऊन गोदामात खोकी उचलू लागला, तर पगार मिळेल, पण ते वर्ष त्या हिशेबात धरले जाणार नाही. पत्रावर कामाचा कोणता वर्ग लिहिला आहे, असे आम्ही विचारले. दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

तिने तर राजीनाम्याचा मसुदाही लिहून ठेवला होता. "मी पण तिथे काम करीन ना, फादर!" पूर्वी ते सोपे होते. २१ जानेवारी २०२५ पासून वर्क परमिटवर गेलेल्या माणसाच्या पत्नीला किंवा पतीला कामाचा खुला परवाना सरसकट मिळत नाही. जोडीदाराचे काम वरच्या दोन वर्गांत असावे लागते, किंवा त्याखालच्या दोन वर्गांतल्या ठरावीक व्यवसायांत, आणि त्याच्या परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असावी लागते. म्हणजे कामाचा वर्ग न पाहता ती गेली, तर कदाचित हिवाळाभर खिडकीशी बसून राहील, आणि इथली कायम नोकरीही गेलेली असेल.

आणखी एक. असे परमिट बहुधा एकाच मालकाशी बांधलेले असते. मालक चांगला असला तर प्रश्न नाही. वाईट निघाला तर दुसरीकडे जायला पुन्हा परवान्याची पायरी चढावी लागते. छळ सोसणाऱ्या कामगाराला खुल्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय तिथे २०१९ पासून आहे. हे ज्यांची मुले आज तिथे आहेत त्यांनी फोनवर जरूर सांगावे. परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला जे सरकारी पत्र आणावे लागते, ज्याला आपली मुले एलएमआयए म्हणतात, त्याची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते. ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्या देशातही १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आपल्याकडे लाखांचे आकडे कुजबुजत सांगितले जातात आणि देणाराही ते अभिमानाने सांगतो, याचे आम्हाला नवल वाटते.

दार उघडे राहील याचीही खात्री धरू नये. २०२५ साली पाच लाख लोकांना कायमचा रहिवास देण्याचे त्या देशाने एकदा ठरवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आकडा ३,९५,००० वर आणला गेला, आणि पुढे २०२६ साठी ३,८०,००० ठरला. मोठा भाऊ ज्या दारातून गेला ते धाकट्याच्या वेळी तेवढेच उघडे असेल असे नाही.

इतके ऐकून कोणी म्हणेल, फादर जाऊ नका म्हणतात. तसे नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरच्या १९८१ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की, चांगल्या जीवनाच्या शोधात माणसाला आपला देश सोडण्याचा हक्क आहे. त्याच जागी त्यांनी परत येण्याचाही हक्क सांगितला आहे. आपण पहिला हक्क पाठ केला आणि दुसरा विसरलो. २०२३ च्या स्थलांतरितांच्या दिवसासाठी पोप फ्रान्सिस यांनी जो विषय निवडला, त्यात जाण्याचे किंवा राहण्याचे स्वातंत्र्य एकत्रच सांगितले होते.

आणि आता थोडे आपल्या सर्वांविषयी. कोणी परत आला की आपण काय विचारतो? "का रे, हाकलले काय?" लग्नाच्या मंडपात, मयताच्या घरीसुद्धा. ही एक चौकशी टाळण्यासाठी आपली मुले मुदत संपल्यावरही तिथे लपून राहतात, एका खोलीत सहा-सहा जण झोपतात, आजारी पडली तरी डॉक्टरकडे जात नाहीत. दिलेला शब्द मोडायला त्यांना कॅनडाचा कायदा लावत नाही, आपण लावतो. योसेफ मिसर देशातून परत आला. तो जिथून निघाला तिथेही गेला नाही. यहूदीयात अर्खेलाव राज्य करतो हे ऐकून तो भ्याला, स्वप्नात सूचना मिळाली आणि तो गालीलात जाऊन नासरेथला राहिला. नासरेथच्या लोकांनी त्याला काय विचारले हे शुभवर्तमानात नाही. त्यांनी त्याला काम दिले असावे, कारण पुढे लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणून ओळखत होते.

जानेवारीत आपल्याकडे बरीच लग्ने आहेत, म्हणून एक सूचना इथेच करतो. ज्या मुलाने पीआरचा अर्ज अविवाहित म्हणून केला आहे आणि निकाल यायच्या आत लग्न करीत आहे, त्याने ते तिथे कळवलेच पाहिजे. "आधी पीआर येऊ दे, मग सांगू," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. न कळवलेल्या पत्नीला पुढे बोलावून घेणे सहसा अडते, आणि माहिती दडवल्याचे ठरले तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. वेदीसमोर जिचा हात धरला ती कागदावर नाही, हे आम्हालाही सहन होणारे नाही.

त्या जोडप्याला आम्ही काय सांगितले? आमचे मत त्यांनी विचारले म्हणून सांगितले. वाडी विकू नये. राजीनामा न देता बिनपगारी रजा मिळते का ते शाळेत विचारावे. तिघांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे इथल्या बँकेत वेगळे ठेवावेत, त्यांना हात लावू नये. कामाचा वर्ग मालकाकडून लेखी आणावा, कन्सल्टंटच्या तोंडून नव्हे. तो एकटा आधी गेला तर किती दिवस, ते परमिटच्या मुदतीवर सोडू नये. घरात बसून तारीख ठरवावी आणि ती कॅलेंडरवर लिहावी. मुलगी बापाला फोनच्या पडद्यावर ओळखायला लागण्याआधीची ती तारीख असावी.

तिने मसुदा पर्समध्ये परत ठेवला. फाडला नाही. त्याने मालकाला आमच्यासमोरच पत्र लिहायला घेतले.

त्याची आई इतका वेळ बाहेर मरियामातेच्या ग्रोटोजवळ नातीला घेऊन बसली होती. तिला आत बोलावून आम्ही विचारले, "तुमचे काय म्हणणे?" ती म्हणाली, "जाऊ दे त्याला, फादर. पण वाडीतल्या विहिरीचा पंप सकाळी कोण चालू करणार, ते आधी सांगा. तो हँडल मला फिरत नाही." त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याने तेही कागदावर लिहून घेतले.