दोन भाऊ, एक बहीण

मोहने-आंबिवलीची एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली, तेव्हा तिथल्या एका कामगाराच्या घरात तीन मुलं शिकत होती. थोरली नर्सिंगला होती. तिनेच घर सावरलं. आधी कल्याणला रात्रपाळ्या केल्या, मग इंग्लंड गाठलं. तिच्या पैशांवर दोन्ही भाऊ शिकले. पुढे तिने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट तिला परत करावा लागला.

मधल्याची केंद्राच्या संरक्षण खात्यात निवड झाली. अटेस्टेशन फॉर्म हातात आला. आई, वडील, भाऊ, बहीण, प्रत्येकाचं नाव, जन्मठिकाण, व्यवसाय, पत्ता आणि राष्ट्रीयत्व लिहायचं होतं. बहिणीच्या ओळीपाशी पेन थांबलं. मामा म्हणाले, "कशाला नसती भानगड? ब्रिटिश लिहिलंस की फाइल अडकलीच समज." त्याने त्या ओळीवर सरळ रेघ मारली. माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल, हा इशारा फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलेला होता.

पडताळणीला पोलीस घरी आले. फार खोदून काही विचारलं नाही. रेशनकार्ड पाहिलं, त्यात मुलीचं नाव होतं. शेजारच्या काकू तर कौतुकानेच म्हणाल्या, "अहो, ती लंडनला असते ना! मे महिन्यात आली की सगळ्या चाळीला चॉकलेटं वाटते." काही दिवसांनी पत्र आलं. माहिती दडवल्यामुळे निवड रद्द.

वडील नोकरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "जिच्या पैशावर शिकलास तिचंच नाव गाळलंस? तिने काय चोरी केली होती?" एवढंच त्यांनी विचारलं.

सरकारने हे विचारावं यात मला काही गैर वाटत नाही. देशाची गुपितं ज्याच्या हाती द्यायची, त्याचं सख्खं माणूस परदेशात असेल तर त्या नात्याआडून कोणी दबाव आणू शकतं. उघड सांगितलेलं नातं खात्याला निदान तपासून तरी पाहता येतं. दडवलेल्या नात्याची मात्र वेसण होते, ज्याच्या हाती लागेल त्याने ओढावी.

तीन वर्षांनी धाकट्याची निवड झाली. मामा पुन्हा तेच सांगू लागले. या वेळी मधला मध्ये पडला. "मामा, एकाचं झालं तेवढं पुरे." त्याने बहिणीला फोन लावला, पत्ता अक्षर न् अक्षर विचारून घेतला आणि धाकट्याला राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'ब्रिटिश' लिहायला लावलं.

तपास लांबला. बहीण कुठे काम करते, मेहुणे कोण, घरी पैसे पाठवते का, किती? धाकट्याने पासबुक पुढे केलं. नकारही येऊ शकला असता. नातं आणि कामाची जागा पाहून तो अधिकार खात्याचाच. सात महिन्यांनी नेमणुकीचं पत्र आलं.

पुढे मामांच्या मुलाचं लग्न ठरलं. तो केंद्राच्या नोकरीत, मुलगी काठमांडूची. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे, परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर सरकारला ताबडतोब कळवावं लागतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मामा मुलाला घेऊन मधल्याकडे आले. म्हणाले, "अर्ज कसा लिहायचा ते सांग. सुनेच्या माहेरचा सगळा पत्ता आणलाय."