दोरीला बांधलेला बाण

गेले तीन आठवडे आमच्या घरात एक रॉकेट तयार होतं आहे आणि त्याला पंख नाहीत. दोन लिटरची सोड्याची बाटली, टोकाला अर्धा कापलेला रबरी चेंडू आणि बाजूला चिकटपट्टीने आवळलेली, मागे शेपटीसारखी लोंबणारी मीटरभर बांबूची कामटी. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरायचं, सायकलच्या पंपाने हवा कोंबायची, बूच सुटलं की पाणी खाली आणि बाटली वर. दारू नाही, आग नाही. वर्गातल्या इतर मुलांनी पुठ्ठ्याचे पंख लावले. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला मात्र टिपूसारखंच हवं होतं. श्रीरंगपट्टणला दर्या दौलत बागेच्या भिंतीवर पोलिलूरच्या 1780 च्या लढाईचं चित्र पाहून आल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मला या हट्टात आधी दिसला तो शब्द. इटालियनमध्ये सूत कातायच्या चातीचं जे नाव, त्यातून ‘रॉकेट’ आलं. म्हणजे युरोपने त्या नळीचा आकार पाहिला. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्याला ‘बाण’ म्हणतात, दिवाळीतही आपण बाणच उडवतो आणि इथे कन्नडात आतषबाजीला ‘बाण-बिरुसु’ म्हणतात. आपण नळी नव्हे, काठी पाहिली. आणि खरी गोम काठीतच आहे. म्हैसूरच्या बाणांची नळी लोखंडी होती, म्हणून ती जास्त दाब सोसायची. पण नळी एकटी सुटली तर जागच्या जागी कोलांट्या खाईल. तिला सरळ ठेवायची ती मागची काठी. 1799 नंतर ते बाण इंग्लंडला गेले, काँग्रिव्हने त्यावर काम केलं, बाजूची काठी पुढे मधोमध आणली. 1844 मध्ये हेलने रॉकेटलाच गरगर फिरवून काठी काढून टाकली. आम्ही उलट्या दिशेने, काठीकडे निघालो होतो.

नियम सोपा आहे. वस्तूच्या वजनाचा एक मध्य असतो आणि वाऱ्याचा जोर जिथे एकवटतो तो दुसरा मध्य. दुसरा पहिल्याच्या मागे असला की डगमगलेलं रॉकेट पुन्हा सरळ होतं. पुढे असला की शेपूट पुढे येते. पहिला बोटावर तोलून सापडतो. दुसऱ्यासाठी आम्ही रॉकेटच्या बाह्यरेषेचा पुठ्ठा कापून पट्टीच्या कडेवर तोलला. दोन्ही मध्य जवळजवळ एकाच जागी निघाले. मग गणपतीची उरलेली शाडू चेंडूत भरली आणि वजनाचा मध्य चारेक बोटं पुढे सरकला.

त्यानंतरची परीक्षा गच्चीवर. तोलाच्या जागी दोरी बांधायची आणि रिकामं रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे करून फिरलं तर ते स्थिर. मातीशिवाय ते आडवंच फिरलं. मातीसकट, मुलीने नाक योग्य दिशेला धरून सोडलं तेव्हा सुरेख फिरलं. मी उलटं धरून सोडलं तेव्हा शेपूट पुढे घेऊन तसंच फिरत राहिलं.

‘झालं, पास!’ ती म्हणाली.

‘अर्धं पास,’ मी म्हटलं.

‘आई, तू उलटं सोडलंस. उडताना कोण उलटं सोडणार आहे?’

मग तिने वाचलेलं सगळं माझ्यावर फेकलं, आणि ते बरोबर होतं. गोल फिरताना नाकाला आणि शेपटीला वारा वेगवेगळ्या कोनातून लागतो. त्यामुळे कित्येक चांगली रॉकेटंही या परीक्षेत नापास होतात. दोरीवर पास झालं तर विश्वास ठेवावा, नापास झालं तर काहीच सिद्ध होत नाही. पुठ्ठ्याची परीक्षाही गरजेपेक्षा कडक असते. म्हणजे संशयाचा फायदा रॉकेटला मिळायला हवा, असं तिचं म्हणणं.

न्यायालयात मी हे मान्य केलं असतं. पण आमच्या लेआउटमध्ये उडवायची जागा एकच, मागची रिकामी साईट. तिच्या एका कडेला शेजारच्या इमारतीचं काम करणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या चार खोल्या आहेत. ‘पत्राच तर आहे, काय होणार?’ हे तिचं वाक्य. ती दुष्ट नाही. तिच्या डोळ्यांपुढे पत्रा होता, पत्र्याबाहेर चुलीशी बसलेली बाई नव्हती. टिपूच्या सैनिकाला बाणाचं भरकटणं खुपत नसावं, घोडी बिथरायला ते उपयोगीच पडे. किती स्थैर्य पुरेसं, हे खाली कोण उभं आहे यावर ठरतं. आरोपीला मिळतो तो संशयाचा फायदा वस्तूलाही मिळावा, असं मला वाटत नाही. वस्तूला शिक्षा होत नसते. संशय चुकीचा ठरला तर ती दुसऱ्याच कुणाला होते.

हे मी तिला ठासून सांगितलं आणि रात्री झोप लागली नाही, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः दोरी न फिरवताच सोडून दिलेली एक गोष्ट आठवली. अनुवादावर घर चालतं ते कादंबऱ्यांमुळे नाही, माहितीपत्रकांमुळे. जनावरांच्या औषधाचं एक पत्रक होतं, त्यात डोसाबद्दल ‘बायवीकली’. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? इंग्रजीत दोन्ही अर्थ चालतात. मराठीत एक निवडावाच लागतो. विचारायला हवं होतं. संध्याकाळी सहाची मुदत होती. मी ‘आठवड्यातून दोनदा’ लिहिलं, कारण तोच अर्थ असण्याची शक्यता जास्त वाटली. कवितेच्या एका ओळीवर मी आठ-आठ दिवस घालवते, मूळ भाषा न येणाऱ्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवते, ती कुठे अडखळते ते पाहते. आणि गोठ्यात कंदिलाखाली ते पत्रक वाचणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही. पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तक्रार आली नाही, एवढंच. पण तक्रार न येणं म्हणजे दोरीवर पास होणं नव्हे. तिथे दोरी फिरवलीच नव्हती.

सकाळी मुलीला हे सांगितलं. तिने विचारलं, ‘मग तू त्यांना आता का विचारत नाहीस?’ मी म्हटलं, चार वर्षं झाली. ती म्हणाली, ‘पत्रक अजून छापत असतील तर?’

आम्ही आणखी शाडू भरली, कामटी वीतभर लांब केली. आता रॉकेट उलटं सोडलं तरी दोन फेऱ्यांत वळून नाक पुढे घेतं. त्यामुळे ते जड झालं आणि कमी उंच जाईल, यावर ती नाराज आहे. रविवारी पहाटे, वारा पडलेला असताना उडवायचं ठरलं आहे. काल ती त्या खोल्यांकडे जाऊन मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून आली. तिथल्या बाईने बाटली हातात घेऊन पाहिली, दाबून पाहिली आणि विचारलं, वाळत घातलेले कपडे काढून ठेवू का?

मी ईमेल लिहिला आहे. अजून पाठवलेला नाही. पत्रकाचा क्रमांक जुन्या फाइलींत शोधते आहे.