पोटगी: ऋण की प्रायश्चित्त

मराठीत ज्याला पोटगी म्हणतात, त्याच्यासाठी गुजरातच्या न्यायालयीन कागदांत भरणपोषण हा शब्द आहे, आणि सुरतच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना, संसाराचा वाद कोर्टात गेला की, हे दोन्ही शब्द जवळ बाळगावे लागतात. भरणपोषणात वाढवण्याचा अर्थ आहे, पोटगी मात्र पोटापाशीच थांबते. आणि मुलाच्या पोटगीचा दावा ऐकणाऱ्या दंडाधिकाऱ्याला या दोन अर्थांच्या मधल्या जागेत एक आकडा लिहावा लागतो. तेथूनच धर्मविचाराचा जुना प्रश्न उभा राहतो: जे कर्तव्य मायेतून निघावे ते माया आटल्यावर हुकमाने वसूल करता येते काय, आणि वसूल झालेल्या रकमेला कर्तव्य म्हणावे काय?

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 या दाव्यांचा आधार होते. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. जेथे कुटुंब न्यायालय आहे, तेथे 1984 च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्याचा हा अधिकार त्या न्यायालयाकडे जातो. सुरतेतही तसेच आहे. तरी कामाचा ढंग दंडाधिकाऱ्याचाच राहिला आहे, म्हणजे लग्नाचा निकाल लावण्याआधी भुकेचा निकाल लावायचा.

वैदिक परंपरेने ऋणांची जी मांडणी केली, तिच्यात मुलाचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, आणि पितरांचे ऋण तो संततीने फेडतो. पुढे ही कल्पना बरीच व्यापक झाली. या हिशेबात मूल हे फेडीचे साधन ठरते. ज्याच्या जन्माने बाप ऋणमुक्त होतो, त्या मुलाचे बापाकडे काय निघते, याची नोंद तीन ऋणांच्या यादीत नाही. कायद्याने केले ते एवढेच, पण ते लहान नव्हे: त्याने मुलाला धनको केले. एक पैसाही उसना न दिलेला, स्वतः अर्जावर सहीसुद्धा करू न शकणारा हा धनको आहे, आणि त्याचे आईबाप विवाहित होते की नव्हते हे कलम विचारत नाही. औरस आणि अनौरस दोघांनाही ते सारखेच लागू आहे. धर्माचेही तेच. 1997 साली नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी 1986 साली वेगळा कायदा झाला असला तरी मुलांचा कलम 125 खालचा हक्क त्याने बाधित होत नाही, असे ठरवले.

धर्मशास्त्राला मुलाची भूक दिसलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि तान्हे मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे, अशा आशयाचे एक वचन मनूच्या नावावर सांगितले जाते. अकार्य म्हणजे एरवी करू नये असे कर्म. आजचे न्यायालय अकार्याची मुभा देत नाही, परंतु सबबही ऐकून घेत नाही: धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही कमवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली अंजू गर्ग प्रकरणात बजावले.

खरी अडचण येते ती कमाई मोजताना. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. त्या प्रकरणात मुलाची अंतरिम पोटगी आधी महिना 5,000 आणि 1 सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये होती. केंद्रीय कायद्यातील एकूण 500 रुपयांची कमाल मर्यादा 2001 सालीच उठली नसती, तर असा आकडा लिहिताच आला नसता. परंतु प्रतिज्ञापत्राचा नमुना पगारपत्रक असलेल्या माणसाला बेतून शिवल्यासारखा आहे. यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने किंवा कापड मार्केटात रोजावर काम करणाऱ्याच्या हाती रोख पैसे पडतात, त्यातून आधी घेतलेली उचल कापली जाते, आणि बँकेच्या पासबुकात त्यातले फारसे काही उमटत नाही. साड्यांना लेस आणि खडे लावून आई जे मिळवते, त्याचीही तीच गत. मुलाच्या बाजूचा कागद मात्र भरलेला असतो: दूध, वह्या, ट्यूशन, शाळेची व्हॅन, तापाचे औषध. एका बाजूला अंदाज आणि दुसऱ्या बाजूला पावत्या असा हा तराजू आहे, आणि अंदाज चुकला तर उपाशी कोणी राहायचे, हे ध्यानात ठेवूनच दंडाधिकाऱ्याला आकडा लिहावा लागतो.

आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद सुनावता येते. येथे प्रायश्चित्त आणि ऋण या दोन कल्पनांची गाठ पडते. प्रायश्चित्तात भोगाने दोष धुतला जातो. शरीराला क्लेश दिले की खाते कोरे होते. ऋणाचे तसे नाही, कारण ऋणकोच्या क्लेशाने धनकोच्या ताटात काही पडत नाही. कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद कायद्याच्या भाषेत सांगितला: कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे, त्यामुळे तुरुंगातून सुटलेल्या माणसाची थकबाकी जशीच्या तशी उभी असते. ‘आत जाऊन आलो, आता सुटलो’ ही समजूत प्रायश्चित्ताच्या संस्कारातून आलेली दिसते, आणि ती सहजासहजी जात नाही. उलट बाजूने कायदाही पूर्ण निर्दोष नाही; रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. पितरांचे ऋण जन्मभर टिकते, मुलाचे मात्र, निदान या मार्गाने, बारा महिन्यांत शिळे होते. आई माहेरी, अमळनेरला किंवा नंदुरबारला, परतली असेल तर ती तेथेच दावा लावू शकते. मग समन्स आणि वॉरंट ताप्ती रेल्वेमार्गाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येणार, आणि पत्ता बदललेला असला तर परत जाणार, यात वर्ष सरायला वेळ लागत नाही.

याच कलमाचे आणखी एक अंग आहे. स्वतःचे पोट भरू न शकणारे आईबापही त्याखाली मुलाकडे पोटगी मागू शकतात, आणि त्या बापाने एकेकाळी मुलाला पोसले होते की नाही, अशी अट कलमाच्या शब्दांत नाही. गोडादऱ्यातला एखादा थकबाकीदार बाप वीस वर्षांनी त्याच मुलाविरुद्ध अर्जदार म्हणून उभा राहू शकतो, आणि तेव्हा त्या मुलाच्या हातातही मालमत्ता आणि देणी यांचे तेच प्रतिज्ञापत्र दिले जाईल, ज्यात जुन्या थकबाकीसाठी रकाना नसतो.