शनिवारी थांबलेला घाणा

आजचं वचन : निर्गम २३:१२

डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडताना कितीदा वाटतं ना, महिनाभर सुट्टी टाकावी! आणि लगेच अपराधीही वाटतं.

कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ठाण्यातलं त्यांचं १८७९चं सिनेगॉग आजही उभं आहे. वचनातलं कारण बघा : बैलाला, चाकरालाही दम खाता यावा. म्हणजे विश्रांती हे बक्षीस नाही. ती सगळ्यांचीच आहे. सातव्या वर्षी तर जमिनीलाही सुट्टी. 'सबॅटिकल' शब्द या शब्बाथवरूनच आला.

तेव्हा सुट्टी जरूर घ्या. फक्त स्वतःला विचारा, आपण थांबलो की घरातला घाणा थांबतो का? की आई त्याला जुंपलेलीच राहते?